वास गेला की वास बिघडला? आधी हे नीट सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘तोंडाला चव नाही’ या एकाच तक्रारीखाली कान-नाक-घशाच्या दवाखान्यात चार निरनिराळे आजार येऊन बसतात. पहिल्या रुग्णाला वासच येत नाही. दुसऱ्याला येतो, पण भलताच येतो: कांदा परतताना सांडपाण्याचा, कॉफीची बरणी उघडताना जळक्या रबराचा. तिसऱ्याला घरात चूलही पेटलेली नसताना धुराचा वास येतो. चौथ्याच्या नाकात किंवा दाढेच्या मुळाशी खरोखरच पू साठलेला असतो. चौघांचे उपचार वेगळे, घाईही वेगळी. कोविडच्या साथीनंतर वास जाण्याबद्दल वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहून आले. वास बिघडण्याबद्दल मात्र फार थोडे आले. त्यामुळे आजही हे रुग्ण एकतर ‘नखरे करतो’ म्हणून ऐकून घेतात, नाहीतर औषधाच्या दुकानातून झिंकच्या गोळ्या आणि नाकात घालायचे थेंब घेऊन महिनोन्‌महिने घालवतात. म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी चव आणि वास वेगळे करू. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू आणि पिकलेल्या टोमॅटोत किंवा मटणाच्या रश्श्यात लागते ती भरीव चव, एवढेच कळते. आपल्या षड्रसांत तिखट आहे, पण शरीरशास्त्राच्या दृष्टीने तिखटपणा म्हणजे जळजळ. ती चेहऱ्याच्या संवेदनेची नस मेंदूला कळवते. बाकी ज्याला आपण पदार्थाची चव म्हणतो, ते सगळे घास चावताना घशाच्या मागून नाकात चढणाऱ्या वासाचे काम. घरी पडताळून पाहायचे असेल तर नाक चिमटीत घट्ट धरून बडीशेप चावा. फक्त गोडसर लागेल. मग चिमटी सोडा. सोडताच बडीशेप ‘कळली’ तर नाक काम करते आहे. सोडूनही काही फरक पडला नाही, पण मीठ, साखर आणि लिंबू बरोबर ओळखू आले, तर जीभ ठीक असून बिघाड वासाचा आहे. मीठ-साखरच कळत नसेल तर तो खरा चवीचा आजार. तो त्यामानाने कमी दिसतो आणि त्याचा शोध चालू औषधे, मधुमेह, तोंडातला संसर्ग, चेहऱ्याची नस अशा वेगळ्या दिशेने घ्यावा लागतो.

वास तपासताना बहुतेक घरांत एक चूक होते. बाम, कापूर किंवा अमोनिया नाकाशी धरतात, रुग्ण ‘हो, येतो’ म्हणतो आणि सगळे निश्चिंत होतात. या पदार्थांचा थंडावा किंवा झणका चेहऱ्याच्या त्याच संवेदनेच्या नसेला कळतो. वासाची नस पूर्ण निकामी असली तरी तो जाणवतो. तपासणीला हिंग, लवंग, वेलदोडा, कॉफी पूड, अंगाचा साबण घ्या. डोळे मिटून, एक नाकपुडी बोटाने बंद करून, दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासा. एकाच बाजूचा बिघाड दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून सापडत नाही.

आता वास बिघडतो म्हणजे काय होते? नाकाच्या अगदी छताशी, दोन डोळ्यांच्या मधोमध, टपाल तिकिटाएवढे वासाचे अस्तर असते. त्यातल्या पेशींचे तंतू चाळणीसारख्या भोके असलेल्या एका पातळ हाडातून वर मेंदूच्या घ्राणकंदात, म्हणजे वासाचे संदेश घेणाऱ्या भागात जातात. माणसात वास पकडणारी सुमारे ४०० प्रकारची ग्राहके आहेत. त्यांच्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सल यांनी १९९१ मध्ये लावला आणि त्यांना २००४ मध्ये नोबेल मिळाले. एका पेशीवर साधारणपणे एकाच प्रकारचे ग्राहक असते. पेटीवर एकदम अनेक पट्ट्या दाबाव्यात तसा प्रत्येक वास कितीतरी प्रकारच्या पेशी एकत्र वाजवतो आणि मेंदू त्या मेळावरून ‘ही कॉफी’, ‘हा मोगरा’ असे ओळखतो. काही पट्ट्या मुक्या झाल्या आणि काही भलत्याच सुराला जोडल्या गेल्या, तर पेटी वाजते, पण बेसूर. याला डॉक्टर पॅरॉस्मिया म्हणतात. मराठीत गंधविपर्यास म्हणू.

कोविडचा विषाणू वासाच्या पेशींना सहसा थेट गाठत नाही. त्याला आत शिरायला लागणारे दार त्या पेशींच्या आजूबाजूच्या आधारपेशींवर असते. आधार कोसळला की वासाच्या पेशीही निकामी होतात. सुदैवाने या पेशी आयुष्यभर नव्याने उगवतात. नव्या पेशीचा तंतू चाळणीतून वर जाऊन नेमक्या जागी जुळावा लागतो. सुरुवातीला थोडेच तंतू पोचतात आणि काही चुकीच्या जागी जुळतात. म्हणून गंधविपर्यास आजारपणात सुरू न होता बहुधा दोन-तीन महिन्यांनी सुरू होतो, म्हणजे वास परत येतो आहे असे वाटू लागल्यावर. रुग्ण घाबरतो, ‘पुन्हा कोविड झाला का’ म्हणून तपासणी करून येतो. त्याला कुणीतरी लगेच सांगायला हवे की विषाणूनंतरचा हा बिघाड बऱ्याचदा दुरुस्ती सुरू झाल्याचे लक्षण असतो. साध्या सर्दी-फ्लूच्या विषाणूनंतर, डोक्याला मार लागल्यावर, जुन्या सायनसच्या आजारातही तो होतो. बहुतेकांना काही महिन्यांत उतार पडू लागतो. काहींना दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो.

कोणते पदार्थ हा त्रास चाळवतात, हेही आता बरेच कळले आहे. ब्रिटनमधील रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी कॉफीच्या वासातले घटक एकेक सुटे करून रुग्णांना हुंगायला दिले. २०२२ मध्ये ते काम प्रसिद्ध झाले. किळस आणणारे घटक थोडेच निघाले, आणि त्यांत गंधकयुक्त व भाजण्यातून तयार होणारे रेणू पुढे होते. हे रेणू अत्यल्प प्रमाणातही नाकाला कळतात, म्हणून थोड्याशा जिवंत पेशींनाही ते पकडता येतात. आता आपले स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. हिंगाची फोडणी, तेलात पडलेला लसूण, परतलेला कांदा, भाजलेले सुके खोबरे, भाजलेले शेंगदाणे, उकडलेले अंडे, तव्यावरची मासळी, शिवाय सकाळची कॉफी आणि पुदिन्याची टूथपेस्ट. जे जे आपण खमंग म्हणतो ते ते या रुग्णाला कुजकट किंवा जळकट येते. गरोदर बाईला फोडणी सहन होत नाही तेव्हा घर तिला समजून घेते, डोहाळे म्हणून जपते. हाच त्रास पन्नाशीच्या पुरुषाला किंवा रोज दोन वेळचा स्वयंपाक करणाऱ्या सासूबाईंना झाला की ‘मनाचे खेळ’ ठरतो. तो मनाचा खेळ नाही. स्वतःच्या घामाचा, जोडीदाराच्या अंगाचा, बाळाच्या केसांचा वासही असा बदलतो तेव्हा माणूस एकटा पडतो. रोज ताटावरून उठून जाणाऱ्या माणसाला उदासीनता ग्रासते आणि तिचीही वेगळी विचारपूस करावी लागते.

घरी काय करायचे? पदार्थ कोमट किंवा गार खायला द्या. वाफेबरोबर वास वर चढतो. दहीभात, ताक, पनीर, बिनफोडणीचे वरण, इडली, केळे, दुधातली नाचणीची आंबील बहुतेकांना चालते. काकडी, खरबूज आणि ढोबळी मिरची निरुपद्रवी वाटतात, पण काहींना त्याही नेमक्या नडतात. म्हणून दुसऱ्याची यादी जशीच्या तशी उचलू नका. उपवासाची साबुदाण्याची खिचडी हलकी म्हणून देतात, पण तिच्यात भाजलेल्या दाण्याचे कूट असते, तीच अडते. फोडणी दार लावून, पंखा चालू ठेवून, रुग्ण दुसऱ्या खोलीत असताना करा. जेवताना नाकाला मऊ चिमटा लावला, जसा पोहणारे वापरतात, तर पुष्कळांना निदान पोटभर जेवता येते. टूथपेस्ट पुदिना नसलेली घ्या. चव लागत नाही म्हणून मीठ वाढवत नेणे रक्तदाबाच्या रुग्णाला महागात पडते. त्याऐवजी लिंबू, चिंच, मिरी, कुरकुरीत पोत यांनी घास जिवंत करता येतो. वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर बघा. महिन्यात वजनाचा विसावा हिस्सा, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ३ किलो घटले, तर डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ दोघांनाही गाठा.

आता तिसरा प्रकार, गंधभास. काहीही नसताना वास येणे. इथे पहिली तपासणी अगदी घरगुती आहे: शेजारच्याला विचारा, ‘तुलाही येतो का?’ पावसाळ्यात मुंबई-कोकणातल्या घरात येणारा कुबट वास पुष्कळदा खराच असतो. तो भिंतीच्या ओलीचा किंवा कपाटातल्या बुरशीचा निघतो. दुसऱ्या कुणालाच येत नसेल तर घड्याळ बघा. वास तासन्‌तास रेंगाळतो, एका नाकपुडीत जास्त असतो आणि ती नाकपुडी दाबली की कमी होतो, अशा वेळी उगम बहुधा नाकात असतो आणि मिठाच्या पाण्याने नाक धुतल्यावर अनेकदा बरे वाटते. वास काही मिनिटे टिकून मागोमाग अर्धे डोके दुखू लागले तर तो अर्धशिशीचा भाग असू शकतो. पण वास काही सेकंदच येतो, दर वेळी तोच आणि तसाच येतो, पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे वाटते, ‘हे आधी घडले आहे’ असा भास होतो किंवा माणूस क्षणभर हरवतो, तर तो कानशिलाच्या आतल्या मेंदूतून उठणारा अपस्माराचा झटका असू शकतो. अशा रुग्णाला मेंदूतज्ज्ञाकडेच न्यायचे; ईईजी आणि एमआरआय लागतात. (फिट आलेल्या माणसाला चप्पल किंवा कांदा हुंगवण्याची रीत अजून चालते. तिचा काडीचा उपयोग नाही. त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका.) ‘माझ्या अंगाला घाण येते’ अशी घट्ट समजूत होऊन माणूस दिवसातून पाच वेळा आंघोळ करू लागला आणि इतर कुणालाही वास येत नसेल, तर तो निराळा आजार असून त्यावर मानसोपचाराचा गुण येतो.

चौथा प्रकार, खरी दुर्गंधी, आणि सर्वांत जास्त घाई कधी कधी इथेच असते. प्रौढाला एकाच बाजूने घाण वास आणि घट्ट पिवळा शेंबूड येत असेल तर वरच्या दाढांचा एक्स-रे काढून घ्या. दाढेच्या मुळाचा पू गालाच्या सायनसमध्ये शिरतो आणि दात न बघता दिलेली प्रतिजैविके पुन्हा पुन्हा फसतात. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण येत असेल तर आत मणी, हरभरा किंवा स्पंजचा तुकडा अडकला आहे असे समजूनच चला. घड्याळाची किंवा खेळण्यातली गोल बटण बॅटरी असेल तर ती काही तासांत नाकाचा पडदा जाळून भोक पाडते. तेव्हा रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये. मधुमेह असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्या माणसाला एका बाजूचा गाल बधिर, डोळ्याला सूज, काळसर खपल्या अशी लक्षणे दिसली तर म्युकरमायकोसिसची (‘काळ्या बुरशी’ची) शक्यता धरून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. २०२१ मध्ये महाराष्ट्राने हा आजार जवळून पाहिला आहे. डोक्याला मार लागल्यानंतर वास गेला आणि वाकल्यावर एका नाकपुडीतून पाण्यासारखा स्राव टपकू लागला, तर ती सर्दी नसून मेंदूभोवतीचे पाणी असू शकते. नाक जोरात शिंकरू नका. तिथून मेंदूच्या आवरणाला संसर्ग होण्याचा धोका असतो.

उपचारांत ज्याच्या बाजूने सर्वांत भरवशाचा पुरावा आहे, तो म्हणजे घ्राणव्यायाम. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांच्या गटाने २००९ मध्ये गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास दिवसातून दोनदा, १२ आठवडे हुंगवून त्याचा उपयोग दाखवला. खर्च थोडा, पण करायची पद्धत चुकते आणि मग ‘उपयोग नाही’ म्हणून सोडून दिले जाते. गडद रंगाच्या, रुंद तोंडाच्या चार काचेच्या बाटल्या घ्या. प्रत्येकीत जाड शोषक कागदाची चकती ठेवून तिच्यावर त्या त्या तेलाचे १०-१५ थेंब टाका, झाकण घट्ट लावा, नाव लिहा. लवंगेचे आणि निलगिरीचे तेल औषधाच्या दुकानात मिळते. गुलाबपाणी फार फिके पडते. अत्तर घ्या, पण चंदनाच्या तेलात उतरवलेल्या अत्तराला चंदनाचाही वास असतो हे लक्षात ठेवा. सकाळी न्याहारीआधी आणि रात्री झोपण्याआधी बाटली नाकापासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरून मांजर हुंगते तसे छोटे छोटे हुंगे १५-२० सेकंद घ्या. मोठा संथ श्वास घेतला तर हवेचा मोठा भाग खालच्या वाटेने फुप्फुसात जातो, छतापर्यंत कमी पोचतो. हुंगताना नाव वाचा आणि तो वास पूर्वी कसा होता ते आठवा. वास येत नसला तरी. अर्धा मिनिट थांबून पुढची बाटली. निलगिरीचा नुसता थंडावा कळला तर त्याला वास आला असे धरू नका. गंधविपर्यासात एखादी बाटली किळसवाणी झाली तर ती हातभर दूर धरा किंवा त्या जागी सोसवणारा वास घ्या. ओकारी येईपर्यंत जबरदस्ती नको. थेंब महिन्याभराने नव्याने टाका. १२ आठवड्यांनी चार नवे वास घेऊन पुढे चालू ठेवल्यास अधिक लाभ झाल्याचे नंतरच्या अभ्यासांत दिसले. किमान सहा महिने तरी द्या, आणि दर रविवारी शून्य ते दहा असे गुण वहीत लिहा. बदल इतका हळू होतो की वहीशिवाय तो दिसत नाही. तेलांच्या बाटल्या मुलांच्या हाती लागू देऊ नका: निलगिरीचे थोडेसे तेल पोटात गेले तरी मुलाला फिट येऊ शकते.

नाक धुण्यासाठी २५० मिलिलिटर पाण्याला सुमारे सव्वादोन ग्रॅम मीठ लागते, म्हणजे चहाचा अर्धा चमचा सपाट, किंचित कमीच, आणि वर चिमूटभर खायचा सोडा. पाणी खळखळा उकळून कोमट केलेलेच हवे. नळाचे, विहिरीचे किंवा तलावाचे कच्चे पाणी नाकात घालू नये. नाकावाटे मेंदूत शिरणाऱ्या अमिबाने केरळमध्ये अलीकडे बळी घेतले आहेत. स्टिरॉइडचे थेंब किंवा स्टिरॉइड मिसळून धुणे पॉलिप (नाकात वाढणारे मऊ कोंब) आणि सुजेच्या आजारात चांगले लागू पडते, पण ते डॉक्टरांनी नाक दुर्बिणीतून पाहिल्यावरच. बसून मारलेला फवारा छतापर्यंत जात नाही; कुशीवर झोपून हनुवटी वर करून थेंब कसे घालायचे ते दवाखान्यात एकदा करवून घ्या. स्टिरॉइडच्या गोळ्या मनाने सुरू केल्या तर मधुमेह्याची साखर भडकते.

झिंकबद्दल स्पष्ट लिहितो. कमतरता नसलेल्या माणसाला झिंकच्या गोळ्यांनी वास परत येतो असा भक्कम पुरावा नाही. आणि नाकात झिंक घालणे तर अपायकारकच. १९३७ मध्ये टोरांटोत पोलिओ टाळण्यासाठी मुलांच्या नाकात झिंक सल्फेट फवारले गेले. पोलिओ टळला नाही, काही मुलांचा वास मात्र गेला. तरी २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला नाकात वापरायच्या झिंकच्या जेलविरुद्ध पुन्हा इशारा द्यावा लागला. नाक मोकळे करणारे थेंब पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले तर ते नाक उलट कोंडते. म्हाताऱ्या माणसांच्या आणि तान्ह्या बाळांच्या नाकात रोज तेल घालणे थांबवा. ते नकळत फुप्फुसात उतरते आणि तिथे न्यूमोनिया करते. तपकीर आणि सिगारेट चालू ठेवून घ्राणव्यायाम करणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणे.

गॅसची गोष्ट मात्र उपचारांच्या आधी करायला हवी. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन मिसळतात. तेही गंधकाच्याच कुळातले. ज्याला कांदा, कॉफी, अंडे सगळे एकाच घाणीसारखे येते, त्याला गळती वेगळी ओळखू येईलच असे नाही. आणि ज्याला रोजच गॅसचा भास होतो तो खऱ्या गळतीकडे दुर्लक्ष करतो. अशा घरात गॅसचा गजर बसवाच. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून गजर जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटर उंचीवर. पाइपातून येणारा नैसर्गिक गॅस हलका, म्हणून छताखाली ३० सेंटिमीटरवर. जागा उलटी झाली तर गजर उशिरा वाजेल किंवा वाजणारच नाही. शंका आली की रेग्युलेटर बंद, दारे-खिडक्या उघडी, विजेचे बटण चालूही करायचे नाही आणि बंदही करायचे नाही. घराबाहेर येऊन मग सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ वर फोन. फ्रिजमधल्या डब्यांवर तारीख लिहा आणि शेंगदाणे, सुके खोबरे, तेल थोडे थोडे आणा, कारण खवटपणा या माणसाला कळणार नाही.

संपादक महोदय, आपल्याकडे एक मागणे आहे. २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन, आणि त्याच तारखेला जगभर गंधहीनतेबद्दल जागृतीचा दिवस पाळतात. त्या दिवशीच्या पुरवणीत अर्धे पान वासाच्या मराठी शब्दांना द्यावे: करपट, जळकट, खवट, कुबट, आंबूस, ओशट, मातकट, कुजकट, उग्र, खमंग. दवाखान्यात येणारा रुग्ण ‘घाण वास येतो’ एवढेच सांगून थांबतो, आणि मग निदान लांबते. त्याऐवजी ‘चार दिवसांपासून डाव्या नाकपुडीत कुजकट, दाढ दुखते’ किंवा ‘दिवसातून तीनदा, अर्धा मिनिट, जळकट, मग काही सुचत नाही’ असे त्याने सांगितले, तर कुणाला दंतवैद्याकडे पाठवायचे आणि कुणाला मेंदूतज्ज्ञाकडे, हे पहिल्या भेटीतच ठरते. शेजारी कोरी चौकट छापावी: कोणता वास, कोणत्या बाजूला, किती वेळ, कशाने सुरू होतो, घरात आणखी कुणाला येतो का. वाचकांनी ती कापून, भरून, तपासणीला येताना सोबत आणावी.

आपले,
कान-नाक-घसा विभागात काम करणारे काही डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ, पुणे